मुलगा अमेरिकी लष्करात. आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाचे काय?

‘मुलगा सैन्यात गेला की आई-वडिलांचे कागद होतात’, हे वाक्य अमेरिकेतील स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये गेली अनेक वर्षे ऐकू येते. लष्कराच्या भरती केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या अनेक तरुणांच्या मनात वेतन आणि शिक्षणाच्या सवलतींबरोबरच ही आशाही असते. वस्तुस्थिती मात्र एवढी सरळ नाही. लष्करी सेवेमुळे काही बाबतींत कुटुंबाला मोठा दिलासा मिळतो, काही बाबतींत थोडीफार सवलत मिळते आणि काही बाबतींत काहीच फरक पडत नाही. या तीन गोष्टींमधला भेद न समजल्यामुळे घेतलेला एखादा निर्णय, उदाहरणार्थ कागदपत्रे पूर्ण करण्यासाठी मायदेशी केलेला एक प्रवास, दहा वर्षांची ताटातूट ओढवून आणू शकतो.

हा प्रश्न प्रामुख्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांचा मानला जातो. तथापि, अमेरिकेत विनापरवाना राहणाऱ्यांमध्ये भारतीयांची संख्याही दुर्लक्षिण्याजोगी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले तेव्हा ही बाब सर्वांसमोर आली. दुसरीकडे, एच-१बी व्हिसावर वर्षानुवर्षे राहिलेल्या भारतीय दांपत्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलेही आता सैन्यभरतीच्या वयाची झाली आहेत. त्यामुळे या विषयातील नियम नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

मूळ नियम काय?

अमेरिकेच्या कायद्यानुसार आई-वडिलांसाठी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मागण्याचा अधिकार केवळ अमेरिकी नागरिकाला आहे आणि त्या नागरिकाचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. स्वत: ग्रीन कार्डावर असलेली व्यक्ती आपल्या पती-पत्नीसाठी किंवा अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकते, आई-वडिलांसाठी नाही. या दोन्ही अटी सैनिकालाही जशाच्या तशा लागू आहेत. सैनिक आहे म्हणून वयाची अट शिथिल होत नाही आणि ग्रीन कार्डधारक सैनिकाला नागरिक होण्यापूर्वी हा अर्ज करता येत नाही.

नागरिकाचे आई-वडील ‘निकटचे नातेवाईक’ या गटात मोडतात. या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांच्या किंवा नोकरीच्या गटात भारतीयांना दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे ताटकळावे लागते, तसे येथे होत नाही. अर्ज तपासण्यास आणि मुलाखतीला लागेल तेवढाच वेळ जातो. मात्र या गटाची एक मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही. आईसाठी एक आणि वडिलांसाठी एक असे दोन स्वतंत्र ‘आय-१३०’ अर्ज भरावे लागतात आणि त्या अर्जांवर घरातील इतर कोणालाही सोबत नेता येत नाही. आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळाले म्हणून धाकट्या भावाला किंवा बहिणीला ते आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नव्याने अर्ज करून वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते.

सावत्र आई किंवा सावत्र वडिलांसाठीही अर्ज करता येतो. मात्र ज्या विवाहामुळे ते नाते निर्माण झाले तो विवाह मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे.

नागरिकत्वाचा जवळचा मार्ग

लष्करी सेवेचा सर्वात मोठा लाभ आई-वडिलांना अप्रत्यक्षपणे मिळतो. तो म्हणजे सैनिकाला स्वत:ला लवकर मिळणारे नागरिकत्व. सर्वसाधारण ग्रीन कार्डधारकाला नागरिकत्वासाठी पाच वर्षे थांबावे लागते. शांततेच्या काळात एक वर्षाची सन्माननीय सेवा केलेल्या सैनिकाला या मुदतीतून सवलत आहे. युद्धकाळात तर ही एका वर्षाची अटही राहत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ३ जुलै २००२ रोजी आदेश काढून त्या दिवसापासूनचा काळ युद्धकाळ म्हणून जाहीर केला आणि या तरतुदीचा लाभ हजारो सैनिकांना मिळाला. २००२ पासून दीड लाखांहून अधिक सैनिकांनी लष्करी सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळविले आहे.

या अर्जासाठी, म्हणजे ‘एन-४००’साठी, सैनिकाला शुल्क द्यावे लागत नाही. सेवा सन्माननीय असल्याचे प्रमाणपत्र लष्कराकडून ‘एन-४२६’ या नमुन्यावर घ्यावे लागते. संरक्षण खात्याने २०१७ मध्ये या प्रमाणपत्रासाठी किमान १८० दिवसांच्या सेवेची अट घातली होती. ती वॉशिंग्टन येथील संघराज्य न्यायालयाने २०२० साली बेकायदा ठरविली.

याचा आई-वडिलांच्या दृष्टीने अर्थ काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सातारा जिल्ह्यातील एका २५ वर्षांच्या तरुणाला विवाहामुळे अमेरिकेचे ग्रीन कार्ड मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो लष्करात भरती झाला. सैन्यात न जाता त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करण्यास किमान तीन ते पाच वर्षे थांबावे लागले असते. सैन्यात गेल्याने काही महिन्यांत तो नागरिक होऊ शकतो आणि वयाची अट त्याने आधीच ओलांडलेली असल्याने दुसऱ्याच दिवशी आई-वडिलांचे अर्ज दाखल करू शकतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक ठरतात. पहिली ही की, नागरिकत्व आपोआप मिळत नाही; अर्ज करावाच लागतो. तो न केल्यामुळे सेवेतून निवृत्त झाल्यावर, एखाद्या गुन्ह्याच्या निमित्ताने, देशाबाहेर काढले गेलेले माजी सैनिकही आहेत. दुसरी ही की, या मार्गाने मिळालेले नागरिकत्व काढूनही घेतले जाऊ शकते. एकूण पाच वर्षांची सन्माननीय सेवा पूर्ण होण्यापूर्वी सैनिकाला अप्रतिष्ठेच्या कारणाने सेवेतून दूर करण्यात आले, तर नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. मुलाच्या नागरिकत्वावर आई-वडिलांचा अर्ज उभा असल्याने हा धोका केवळ त्याच्यापुरता राहत नाही.

सैन्यात भरती होण्यासाठी साधारणपणे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असावे लागते. २००८ च्या अखेरीस संरक्षण खात्याने ‘मावनी’ नावाची एक योजना मंजूर केली होती. तिच्यामध्ये विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बीवर असलेल्या, पण वैद्यकीय कौशल्य अथवा हिंदी, पंजाबी, तमिळ, उर्दू अशा भाषा अवगत असलेल्या परदेशी तरुणांना थेट भरती होता येत असे. अनेक भारतीयांनी तिचा लाभ घेतला. ही योजना २०१६ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे ‘व्हिसावर असतानाच सैन्यात जा, नागरिक व्हा आणि आई-वडिलांना आणा’ हा जुना सल्ला आज गैरलागू आहे.

आई-वडील अमेरिकेत कसे आले?

अर्जदार आई-वडील भारतातच असतील तर पुढची प्रक्रिया तुलनेने सरळ असते. ते आधीपासून अमेरिकेत असतील आणि त्यांच्याकडे वैध परवाना नसेल, तर सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा की ते देशात शिरले कसे.

जे रीतसर व्हिसा घेऊन विमानतळावरील तपासणीतून आत आले आणि मुदत संपल्यावर राहून गेले, त्यांना कायद्याने मोठी सवलत दिली आहे. नागरिक मुलाने अर्ज केल्यास मुदतीपेक्षा अधिक राहणे किंवा विनापरवाना काम करणे हे त्यांच्या ग्रीन कार्डाच्या आड येत नाही. देश न सोडता ते ‘आय-४८५’ अर्जाद्वारे तेथेच ग्रीन कार्ड मिळवू शकतात. ही सवलत सर्व नागरिकांच्या आई-वडिलांना आहे. त्यासाठी मुलगा सैनिक असण्याची गरज नाही.

या सवलतीला असलेला एक अपवाद कोकण आणि गोव्यातील दर्यावर्दी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जहाजावरील खलाशी म्हणून, म्हणजे चालक दलाच्या व्हिसावर, अमेरिकेच्या बंदरात उतरलेली आणि तेथेच राहून गेलेली व्यक्ती नागरिक मुलाच्या अर्जावरही देशात राहून ग्रीन कार्ड घेऊ शकत नाही. तिची तपासणी रीतसर झालेली असते, तरीही खलाशांना कायद्याने ही सोय स्पष्टपणे नाकारली आहे.

जे तपासणी चुकवून, सीमा ओलांडून आत आले त्यांची स्थिती याहून कठीण आहे. देशात राहून ग्रीन कार्ड मिळविण्यासाठी ‘तपासणी होऊन प्रवेश मिळालेला असावा किंवा पॅरोल मिळालेला असावा’, अशी कायद्याची मूळ अट आहे. ती पूर्ण होत नसल्याने अशा आई-वडिलांना मायदेशी जाऊन तेथील वकिलातीतून व्हिसा घेणे भाग पडते. नेमका येथेच १९९६ च्या कायद्याचा फास आवळला जातो. १८० दिवसांहून अधिक पण एक वर्षाहून कमी काळ अवैध वास्तव्य केलेल्या व्यक्तीने देश सोडला, की तिला तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून अधिक वास्तव्य असेल तर ही बंदी दहा वर्षांची होते. म्हणजेच व्हिसा घेण्यासाठी देश सोडला की त्या सोडण्यामुळेच व्हिसा नाकारला जातो.

ही बंदी माफ करण्याची तरतूद आहे. पण ती सैनिकाच्या आई-वडिलांच्या फारशी उपयोगी पडत नाही. माफीसाठी अर्जदाराच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती-पत्नीला अथवा आई-वडिलांना अतोनात हालअपेष्टा सोसाव्या लागतील, हे सिद्ध करावे लागते. मुलाला होणारा त्रास यात धरलाच जात नाही. मुलगा सीमेवर तैनात असला, जखमी झालेला असला, तरी या विशिष्ट माफीसाठी त्याचे हाल गणले जात नाहीत. सैनिक कुटुंबांना ही बाब सर्वाधिक खुपते.

‘पॅरोल इन प्लेस’ म्हणजे काय?

या कोंडीतून वाट काढण्यासाठी जी सोय पुढे आली तिला ‘पॅरोल इन प्लेस’ म्हणतात. ढोबळमानाने सांगायचे तर ही ‘जागेवरच दिलेली प्रवेशाची परवानगी’. सीमा ओलांडून आलेल्या व्यक्तीला देशाबाहेर न पाठवता, ती आहे तेथेच तिला पॅरोल दिला जातो. पॅरोल मिळाला की ग्रीन कार्डासाठीची मूळ अट पूर्ण होते. देश सोडावा लागत नसल्याने दहा वर्षांची बंदीही लागू होत नाही.

या सोयीचा उगम इराक युद्धाच्या काळात आहे. २००७ साली इराकमध्ये बेपत्ता झालेल्या एका अमेरिकी सार्जंटची पत्नी विनापरवाना राहत असल्याने तिच्यावर देशातून काढून टाकण्याची कारवाई सुरू होती. पतीचा शोध सुरू असताना पत्नीला हद्दपार करण्याची वेळ आल्याने मोठा गहजब झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यानंतर सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी प्रकरणनिहाय पॅरोल देण्याची प्रथा पडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने तिला लेखी धोरणाचे रूप दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते धोरण सुधारण्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षणविषयक वार्षिक कायद्यात या सोयीचे महत्त्व नमूद करून तिला पाठबळ दिले.

या धोरणानुसार प्रत्यक्ष सेवेत असलेले सैनिक, राखीव दलाच्या निवडक तुकड्यांमधील सैनिक आणि माजी सैनिक यांचे पती-पत्नी, आई-वडील व मुले पॅरोल मागू शकतात. ‘आय-१३१’ अर्ज, नात्याचा पुरावा, लष्करी सेवेचा पुरावा आणि प्रकरणातील अनुकूल बाबींची माहिती सादर करावी लागते. पॅरोल एका वर्षासाठी दिला जातो आणि त्याला मुदतवाढ मागता येते. या काळात काम करण्याचा परवानाही मागता येतो.

आई-वडिलांच्या बाबतीत सर्वात उपयुक्त भाग हा की, पॅरोलसाठी मुलाचे वय २१ असण्याची गरज नाही. समजा, अमेरिकेत जन्मलेला मुलगा १८ व्या वर्षी सैन्यात गेला. सीमा ओलांडून आलेली त्याची आई त्याच वर्षी पॅरोल मागू शकते, दरवर्षी मुदतवाढ मागत राहू शकते आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्यावर देश न सोडता ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. सैन्यात नसलेल्या मुलाच्या आईला यातील पहिली पायरीच उपलब्ध नाही.

पॅरोलच्या मर्यादा

पॅरोल हा हक्क नाही; तो देणे अथवा नाकारणे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. अर्जदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी असेल तर तो मिळणे कठीण होते.

व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांना पॅरोल मिळत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रवेश रीतसर झालेला असतो. आई-वडिलांना वर सांगितलेल्या सवलतीमुळे त्याची गरजही भासत नाही. मुलगा २१ वर्षांचा होण्याची वाट मात्र पाहावी लागते.

एकदा देशाबाहेर काढले गेल्यानंतर किंवा एक वर्षाहून अधिक अवैध वास्तव्यानंतर देश सोडून, पुन्हा चोरून आत आलेल्यांवर कायद्याने कायमची बंदी आहे. ती पॅरोलने धुऊन निघत नाही. अशा व्यक्तीने पॅरोल मिळाला म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे हाती पॅरोल असलेल्या व्यक्तीने ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी आजारी नातेवाइकाला भेटण्यासाठी म्हणून देश सोडला, तर सारी कमाई एका प्रवासात वाया जाऊ शकते.

आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बायडेन सरकारने अमेरिकी नागरिकांच्या विनापरवाना जोडीदारांसाठी याच नावाची एक मोठी योजना सुरू केली होती. ती टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तिचा सैनिकांच्या कुटुंबीयांसाठीच्या पॅरोलशी संबंध नव्हता. ‘पॅरोल बंद झाला’ ही बातमी ऐकून काही कुटुंबांनी आशा सोडली. पण ती बातमी या वेगळ्या योजनेची होती.

२०२५ नंतरचे वातावरण

कायद्याचे शब्द तेच असले तरी अंमलबजावणीचा सूर २०२५ पासून बदलला आहे. स्थलांतरविषयक कारवाई करणाऱ्या यंत्रणेने २०२२ साली काढलेल्या सूचनांनुसार एखाद्या व्यक्तीवर कारवाई करताना तिची स्वत:ची किंवा निकटच्या कुटुंबीयाची लष्करी सेवा ही अनुकूल बाब मानली जात असे. एप्रिल २०२५ मध्ये या सूचना मागे घेण्यात आल्या. त्यानंतर सैनिकांच्या जोडीदारांना आणि वडिलांनाही अटक झाल्याच्या घटना समोर आल्या. मरीन दलाने तर आपल्या भरती अधिकाऱ्यांना, कुटुंबाला स्थलांतरविषयक दिलासा मिळवून देऊ असे सूचित करण्याचा अधिकार त्यांना नाही, हे कळविल्याचे सांगितले.

फेब्रुवारी २०२५ मधील दुसऱ्या एका सूचनापत्रामुळे अर्ज करण्यातली जोखीमही वाढली आहे. एखादा अर्ज फेटाळला गेला आणि त्या व्यक्तीकडे वास्तव्याचा दुसरा वैध आधार नसेल, तर तिला स्थलांतर न्यायालयात हजर राहण्याची नोटीस बजावण्याचे धोरण या सूचनापत्राने स्वीकारले आहे. पूर्वी अर्ज फेटाळला तर शुल्क आणि वेळ वाया जात असे. आता त्याच अर्जातील नाव-पत्त्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणूनच पात्रतेबद्दल शंका असलेल्या कुटुंबाने स्थलांतर कायद्याच्या जाणकार वकिलाला जुनी सर्व कागदपत्रे, विशेषत: पूर्वीच्या प्रवेशांची आणि परत पाठवणीची, दाखवून मगच अर्ज करणे इष्ट ठरते. सैनिकांना लष्कराच्या तळावरील कायदेविषयक साहाय्य कार्यालयात विनामूल्य प्राथमिक सल्ला मिळतो.

एच-१बीवरील आई-वडील

भारतीय कुटुंबांत आढळणारा एक वेगळाच प्रकार म्हणजे नोकरीच्या गटातील ग्रीन कार्डाच्या रांगेत दशकाहून अधिक काळ उभे असलेले दांपत्य आणि त्यांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा किंवा मुलगी. अशा मुलाने १८ व्या वर्षी गणवेश चढविला तरी आई-वडिलांची रांग एका दिवसानेही पुढे सरकत नाही. त्यांचा प्रवेश रीतसर असल्याने पॅरोलचा प्रश्न उद्भवत नाही. मुलगा जन्माने नागरिक असल्याने लवकर नागरिकत्वाचा लाभही येथे गैरलागू आहे. या कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो मुलाचा २१ वा वाढदिवस, त्याची लष्करी सेवा नव्हे. तो दिवस उजाडला की सैन्यात असलेला आणि महाविद्यालयात शिकणारा, दोघेही आई-वडिलांसाठी सारख्याच अधिकाराने अर्ज करू शकतात.

उत्पन्नाची हमी

आई-वडिलांना प्रायोजित करणाऱ्याला ‘आय-८६४’ या हमीपत्रावर, ते सरकारवर भार ठरणार नाहीत याची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. यासाठी सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. सैनिकांना येथे १०० टक्क्यांची सवलत असल्याचे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ही सवलत सैनिक आपल्या पती-पत्नीसाठी किंवा मुलांसाठी अर्ज करत असेल तेव्हाच मिळते. आई-वडिलांसाठी त्यालाही १२५ टक्क्यांचीच अट आहे.

आकड्यांत सांगायचे तर, २०२५ च्या तक्त्यानुसार तिघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा वर्षाला २६,६५० डॉलर होती. अविवाहित सैनिक आई आणि वडील दोघांसाठी अर्ज करत असेल तर त्याचे कुटुंब तिघांचे धरले जाते आणि त्याला सुमारे ३३,३०० डॉलर उत्पन्न दाखवावे लागले असते. नुकत्याच भरती झालेल्या शिपायाचे मूळ वेतन एवढे असेलच असे नाही. अशा वेळी अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक म्हणून हमी देऊ शकतो. ही हमी नातेवाइकाने घाईने सही करावी इतकी किरकोळ नसते. आई-वडील नागरिक होईपर्यंत, त्यांच्या खात्यावर कामाच्या सुमारे दहा वर्षांची नोंद होईपर्यंत, ते कायमचे देश सोडेपर्यंत किंवा त्यांचा मृत्यू होईपर्यंत ती बंधनकारक राहते.

लष्करी सेवेचा एक फायदा मात्र येथे आहे. प्रायोजकाचे कायम घर अमेरिकेत असावे लागते. जर्मनी, जपान किंवा दक्षिण कोरियातील तळावर सरकारी आदेशाने तैनात असलेल्या सैनिकाचे वास्तव्य या अटीसाठी अमेरिकेतच धरले जाते.

मुंबईतील मुलाखत आणि नावांचा घोळ

आई-वडील भारतात असतील तर ‘आय-१३०’ मंजूर झाल्यावर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्रामार्फत वकिलातीकडे येते. भारतातील स्थलांतरित व्हिसाच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होतात. तत्पूर्वी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि पोलिसांचा ना-हरकत दाखला सादर करावा लागतो.

मराठी कुटुंबांची खरी अडचण होते ती नावांमुळे. आईसाठीच्या अर्जात सैनिक मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव असावे लागते. वडिलांसाठी जन्मदाखल्याबरोबर आई-वडिलांच्या विवाहाचा पुरावाही द्यावा लागतो. लग्नानंतर आडनावच नव्हे तर कधी कधी पाळण्यातले नावही बदलण्याची आपल्याकडील रीत, मधल्या जागी आधी वडिलांचे आणि नंतर पतीचे नाव लावण्याची पद्धत आणि जुन्या दाखल्यांवर नुसतेच घरगुती नाव लिहिण्याची सवय, या साऱ्यांमुळे एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे आढळतात. अनेक जुने विवाह नोंदविलेलेच नसतात. अशा वेळी ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि माहीतगार नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. हे काम मुलाखतीची तारीख आल्यावर नव्हे, तर मुलाने अर्ज भरण्यापूर्वीच हाती घेतले तर महिन्यांचा विलंब टळतो. मुलगा सैनिक असल्याने या कागदपत्रांत कोणतीही सूट मिळत नाही.

ग्रीन कार्ड हाती आल्यावरही काही बंधने राहतात. ते कायम वास्तव्यासाठी असल्याने वर्षातले बहुतेक महिने गावी आणि थोडे दिवस मुलाकडे, असा क्रम ठेवल्यास ते गमावण्याची वेळ येऊ शकते. ६५ वर्षांवरील पालकांना अमेरिकेतील सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, पैसे भरून घेण्यासाठीही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. आई-वडिलांना स्वत:च्या नागरिकत्वासाठीही सर्वसाधारण पाच वर्षेच थांबावे लागते. मुलाच्या सेवेमुळे ती मुदत कमी होत नाही.

सैनिकाला वीरमरण आल्यास

२००३ मध्ये इराक युद्धाच्या पहिल्याच दिवसांत नागरिकत्व नसलेले काही सैनिक धारातीर्थी पडले. त्यांच्यापैकी मूळचा ग्वाटेमालाचा मरीन जोसे गुतिएरेझ याला मरणोत्तर नागरिकत्व देण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात अशा सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी तरतूद करण्यात आली. लढाईतील जखमांमुळे किंवा आजारामुळे नागरिक सैनिकाचा मृत्यू झाल्यास त्याचे आई-वडील दोन वर्षांच्या आत ‘आय-३६०’ नमुन्यावर स्वत:च अर्ज करू शकतात. मुलाचे वय २१ पूर्ण नसले तरी त्यांना ‘निकटचे नातेवाईक’ मानले जाते. मरणोत्तर नागरिकत्व मिळालेल्या सैनिकाच्या आई-वडिलांनाही हा मार्ग खुला आहे. मरणोत्तर नागरिकत्वाच्या अर्जालाही दोन वर्षांचीच मुदत आहे. शोकात बुडालेल्या कुटुंबाच्या हातून ही मुदत निसटण्याची शक्यता असते. म्हणून ती नातेवाइकांनी लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

२१ वर्षांची अट सुटते ती केवळ याच एका प्रसंगी. जिवंत सैनिकाला ती पाळावीच लागते, हे या कायद्यातील कटू सत्य आहे.

थोडक्यात

मुलगा किंवा मुलगी सैन्यात असल्याने आई-वडिलांना प्रत्यक्षात तीन गोष्टी मिळतात: मुलाला लवकर मिळणारे नागरिकत्व, सीमा ओलांडून आलेल्यांसाठी पॅरोल मागण्याची संधी आणि मुलाच्या मृत्यूनंतरही अर्ज जिवंत ठेवणारी तरतूद. वयाची अट, उत्पन्नाची अट, कागदपत्रे, कायमची बंदी आणि भावंडांची रांग यांत काडीचाही फरक पडत नाही. भरतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून आई-वडील देशात कसे आले, केव्हा आले आणि मधल्या काळात कधी बाहेर गेले होते का, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, तर गणवेशामुळे त्यांना काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, याचा बराचसा उलगडा त्यातूनच होईल. केवळ आई-वडिलांच्या कागदांसाठी चार-सहा वर्षे लष्कराला देण्याचा विचार करणाऱ्या तरुणाने ही उत्तरे आधी मिळवावीत. करारावर सही झाल्यानंतर त्यातून माघार घेणे सोपे नसते.